व्हिडिओतून आवाज वेगळा काढणे आणि साफ करणे : घरच्या मैफली, कीर्तनं, मुलाखतींसाठी

ओसरीवाला

घरगुती मैफली, कीर्तनं आणि मुलाखती यांच्या व्हिडिओंमधून फक्त आवाज काढून नीट जपायचा आहे. फाइली पाच तऱ्हांच्या आहेत: मोबाइलच्या एमपी४, कॅमकॉर्डरच्या एमटीएस, डीव्हीडींतल्या व्हीओबी, व्हीसीडींतल्या डॅट आणि जुन्या फोनच्या थ्रीजीपी. संगणक साधा आहे, विंडोज ११ आणि ८ जीबी रॅम.

सगळं एकजात एमपी३ ३२० मध्ये बदलून ठेवलं तर चालेल का? पंख्याची घरघर आणि ट्यूबलाइटची गुणगुण किती निघते? तानपुरा आणि तबल्याला धक्का न लावता हे करता येतं का? विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल का?

खर्जपंचम

विकत काहीच घ्यावं लागत नाही. मीडियाइन्फो (फाइलमध्ये काय आहे ते सांगतं), एफएफएमपेग (आवाज बाहेर काढतं) आणि ऑडॅसिटी (साफसफाई करतं) या तीन फुकट गोष्टींत जवळजवळ सगळं काम होतं.

आधी दोन कामं मनात वेगळी करा. आवाज बाहेर काढणं हे एक काम, साफ करणं हे दुसरं. बहुतेक नुकसान पहिल्याच कामात होतं, कारण लोक 'कन्व्हर्टर' वापरतात. कन्व्हर्टर फाइलमधला दाबलेला आवाज उलगडतो आणि पुन्हा दुसऱ्या पद्धतीने दाबतो. एमपी४ मधला आवाज बहुधा एएसी असतो. त्याचं एमपी३ केलं की एएसीने टाकून दिलेलं परत येत नाही आणि एमपी३ त्यातलं आणखी थोडं टाकतं. ३२० चा आकडा मोठा दिसतो, पण तो दुसऱ्या दाबणुकीचा आकडा आहे, मूळ ध्वनिमुद्रणाचा नाही.

म्हणून आवाजाचा प्रवाह आहे तसा, न उलगडता उचलायचा. आज्ञा विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये द्यायच्या. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे (0, 1, 2) वापरा:

एफएफएमपेग -आय मैफल.एमपी४ -मॅप ०:ए:० -सी:ए कॉपी मैफल.एम४ए

'-आय' नंतर आत जाणारी फाइल. '-मॅप ०:ए:०' म्हणजे पहिल्या फाइलमधला पहिला आवाज. '-सी:ए कॉपी' म्हणजे आवाजाला हात लावू नका, नुसता उचला. तासाभराच्या फाइलला काही सेकंद लागतात. काही मिनिटं लागली तर कुठेतरी चुकून पुनर्दाब चालू आहे असं समजा.

डबा, म्हणजे बाहेरच्या फाइलचा प्रकार, मात्र आतल्या मालाला साजेसा हवा. एएसी असेल तर एम४ए, एसी-३ असेल तर एसी३, एमपी२ असेल तर एमपी२, ओपस असेल तर ओपस. कशाचाच मेळ बसेना तर एमकेए, त्यात जवळजवळ काहीही मावतं. एएसी कॉपी करून शेवटी 'एमपी३' असं नाव दिलं तर एफएफएमपेग चूक दाखवून थांबतं. ते बरोबरच करतं. नाव बदलल्याने आतला प्रकार बदलत नाही.

आत काय आहे ते मीडियाइन्फो सांगतं. त्यात चार ओळी पाहा: प्रकार, बिटरेट (सेकंदाला किती माहिती), सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने), चॅनेलची संख्या. या चार ओळी प्रत्येक फाइलच्या बाजूला लिहून ठेवा, पुढे कामाला येतात.

निखारा

थोडं वेगळं मत. ज्यांना आज्ञा टाइप करायच्या नाहीत त्यांनी लॉसलेसकट वापरावं. ते आतून एफएफएमपेगच आहे. फाइल आत ओढायची, व्हिडिओ ट्रॅक बंद करायचा, एक्स्पोर्ट दाबायचं. आवाज तसाच बाहेर येतो.

व्हीएलसीने करणार असाल तर जपून. 'कन्व्हर्ट / सेव्ह' मध्ये तयार प्रोफाइल निवडलं की ते पुनर्दाब करतं. प्रोफाइलच्या ऑडिओ कोडेक टॅबमध्ये 'मूळ ट्रॅक ठेवा' ही खूण केली तरच कॉपी होते, आणि ती खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

जुनीफीत

डिस्क आणि कॅमेऱ्याच्या फाइलींना नुसती कॉपी पुरत नाही, त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत.

व्हीसीडी: 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमध्ये 'एव्हीसेक०१.डॅट' अशी फाइल असते. आतला आवाज एमपी२, २२४ केबीपीएस, ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ. हे प्रमाणच ठरलेलं आहे. एफएफएमपेग डॅट फाइल थेट वाचतं. डिस्कवरून फाइल उतरवताना विंडोज मध्येच अडकतं याचं कारण असं की व्हीसीडीवर व्हिडिओ ज्या प्रकारच्या सेक्टरमध्ये लिहितात त्यात जास्तीची दुरुस्तीची माहिती नसते. प्रत्येक सेक्टरमध्ये २,३२४ बाइट माल भरायचा म्हणून ती जागा वापरून टाकली आहे. त्यामुळे साध्या डेटा सीडीवर चालून जाईल असा ओरखडा इथे आडवा येतो. डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. मग ड्राइव्हचा वेग कमी करून वाचा. एक ड्राइव्ह हरला तर दुसऱ्यात घालून बघा. वेगवेगळे ड्राइव्ह वेगवेगळ्या जागी अडतात.

डीव्हीडी: 'व्हिडिओ_टीएस' फोल्डरमधल्या व्हीओबी फाइली प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या असतात, म्हणजे एकच कार्यक्रम चार-पाच तुकड्यांत विभागलेला असतो. शेवटी '_०' असलेली फाइल मेनूची, ती सोडा. '_१' पासून पुढच्या कार्यक्रमाच्या. तुकड्यातुकड्याने आवाज काढून नंतर जोडू नका, सांध्यावर टचकन आवाज येतो किंवा शब्द तुटतो. मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने अख्खा कार्यक्रम एका एमकेव्हीमध्ये उतरवा, मग त्यातून आवाज काढा. आत एसी-३ किंवा एमपी२ असेल तर सरळ कॉपी. काही डीव्हीडींत न दाबलेला पीसीएम असतो. तो वेव्हमध्ये कॉपी होत नाही, कारण डीव्हीडीवर बाइटची मांडणी वेगळी आहे. तिथे 'कॉपी' ऐवजी 'पीसीएम_एस१६एलई' लिहा. १६ बिटचा पीसीएम १६ बिटमध्येच जातो, म्हणून काहीही हरवत नाही.

एमटीएस: लांब चित्रीकरणात कॅमेरा बहुधा २ किंवा ४ जीबीला फाइल तोडतो आणि पुढची सुरू करतो. तोडताना आवाजाची चौकट पूर्ण झाली आहे का ते तो बघत नाही. एसी-३ ची एक चौकट १,५३६ नमुन्यांची, म्हणजे ४८,००० हर्ट्झला ३२ मिलिसेकंदांची. ती अर्धी या फाइलमध्ये, अर्धी पुढच्या फाइलमध्ये राहते. प्रत्येक फाइलचा आवाज वेगळा काढला की ती चौकट गेली, आणि तान चालू असेल तर कानाला लगेच खटकतं. म्हणून कच्च्या फाइली आधी जोडा. विंडोजच्या काळ्या खिडकीत:

कॉपी /बी ००००१.एमटीएस + ००००२.एमटीएस पूर्ण.एमटीएस

'/बी' विसरू नका. तो नसेल तर विंडोज फाइलींना मजकूर समजून जोडतं आणि फाइल अर्धवट राहते.

थ्रीजीपी: आत बहुधा एएमआर, ८,००० हर्ट्झ, जास्तीत जास्त १२.२ केबीपीएस. इतक्या सॅम्पलिंगमध्ये ४,००० हर्ट्झच्या वरचं काही असूच शकत नाही. 'स', 'श', 'छ' यांची धार आणि तबल्याच्या चाटीची कड तिथेच हरवलेली आहे. कॉपी करून ठेवा, साफसफाईत वेळ घालवू नका. फार तर २०० हर्ट्झच्या खालचं काढा आणि आवाज वाढवा.

शेवंती

कीर्तनाच्या आणि लग्नाच्या व्हिडिओंबद्दल एक भर. व्हिडिओवाले बऱ्याचदा डाव्या चॅनेलवर बुवांचा कॉलर माइक आणि उजव्यावर कॅमेऱ्याचा माइक घेतात. एका कानात शब्द स्वच्छ आणि दुसऱ्यात सभागृहाचा घुमारा ऐकू आला की हेच झालंय असं धरा. अशा वेळी 'स्टिरिओचं मोनो' करू नका. कॅमेरा साडेतीन मीटरवर असेल तर त्याच्या माइकपर्यंत तोच आवाज साधारण १० मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र केले की ५०, १५०, २५० हर्ट्झ असं ओळीने एकमेकांना खातात आणि आवाज पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा होतो. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा, चांगला अर्धा ठेवा, दुसरा गप्प करा. टाळांचा आणि श्रोत्यांच्या गजराचा थोडा अंश हवा असेल तर दुसरा अर्धा आधी १० मिलिसेकंद अलीकडे, म्हणजे डावीकडे सरकवून, मग १२ ते १५ डेसिबल खाली ठेवून मिसळा.

ओसरीवाला

कॉपी जमली. एक फाइल ऑडॅसिटीत उघडत नाही, 'एफएफएमपेग लायब्ररी हवी' म्हणतं. आणि साफसफाईसाठी वेव्ह करून घेतलं तर दर्जा खालावतो का?

खर्जपंचम

ऑडॅसिटीला एम४ए आणि एसी-३ वाचायला एफएफएमपेगची लायब्ररी वेगळी जोडावी लागते. एडिट, प्रेफरन्सेस, लायब्ररीज इथे जागा दाखवायची. ती खटपट नको असेल तर आधी वेव्ह करून घ्या. वेव्हने दर्जा खालावत नाही आणि वाढतही नाही, फक्त आवाज उलगडून ठेवला जातो.

मात्र १६ बिटचा वेव्ह करू नका, ३२ बिट फ्लोट करा:

एफएफएमपेग -आय मैफल.एम४ए -सी:ए पीसीएम_एफ३२एलई मैफल.वेव्ह

कारण सांगतो. एएसी उलगडताना शिखरं कधीकधी शून्य डेसिबलच्या वर जातात. फोनने मोठ्या आवाजात घेतलेल्या मैफलीत तर हमखास. १६ बिटमध्ये शून्याच्या वर जागाच नसते, त्यामुळे ती शिखरं तिथेच छाटली जातात आणि तबल्याच्या प्रत्येक जोरदार 'ना'वर करकर येते. फ्लोटमध्ये ती शिल्लक राहतात. मग ऑडॅसिटीत सगळं ६ डेसिबल खाली आणलं की शिखरं शाबूत मिळतात.

आकार: ४८,००० हर्ट्झ, स्टिरिओ, ३२ बिट म्हणजे मिनिटाला सुमारे २३ एमबी, तासाला १.३८ जीबी. साध्या वेव्हची मर्यादा ४ जीबी, म्हणजे ३ तास ६ मिनिटांच्या आसपास. रात्रभराची बैठक असेल तर मध्यंतराला तोडून दोन फाइली करा, किंवा शेवट 'डब्ल्यू६४' ठेवा. मर्यादा ओलांडलेली वेव्ह काही प्रोग्रॅम अर्धीच वाजवतात आणि मालक समजतो की मूळ ध्वनिमुद्रणच अपुरं आहे.

बंदरवाट

मूळ आवाज खरोखर न बदलता आला का याची खात्री करता येते. मूळ एमपी४ आणि काढलेली एम४ए या दोन्हींवर हे चालवा:

एफएफएमपेग -आय फाइल -मॅप ०:ए:० -सी कॉपी -एफ एमडी५ -

शेवटची एकटी आडवी रेघ महत्त्वाची. दोन्हींचा ३२ अक्षरांचा शिक्का सारखा आला तर आवाजाचा बाइटन् बाइट तोच आहे. मूळ फाइल पुसण्याआधी हे कराच. माझ्या मते तर मूळ फाइल पुसूच नये, डिस्क स्वस्त झाल्या आहेत.

ओसरीवाला

आता मुख्य प्रश्न. आलापाच्या आधी दहा सेकंद शांतता आहे, पंखा ऐकू येतो. तिथून नॉइज प्रोफाइल घेऊन साफ केलं, तर गाण्यातला तानपुराच पातळ झाला.

खर्जपंचम

त्या 'शांततेत' तानपुरा सुरू झालेला असणार. स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणती कंप्रता वाजते त्याचं चित्र) उघडून बघा, आडव्या सरळ रेघा दिसल्या तर तो तानपुराच.

नॉइज रिडक्शन कसं चालतं ते लक्षात घेतलं की हे टळतं. प्रोफाइलच्या तुकड्यात प्रत्येक कंप्रतेला किती पातळी आहे ते ते मोजतं. मग पूर्ण फाइलमध्ये जिथे त्या कंप्रतेचा आवाज त्या पातळीच्या आसपास असेल तिथे तो खाली दाबतं. पंखा कोणता आणि सूर कोणता हे त्याला कळत नाही. तानपुरा तर अखंड आणि संथ, त्यामुळे प्रोफाइलमध्ये आला की तोच 'गोंगाट' ठरतो. श्रुतिपेटीचंही तेच.

प्रोफाइल घ्यायच्या जागा दोनच: वाद्यं जुळवायला सुरुवात होण्याआधी, किंवा शेवटी तानपुरा थांबल्यावर, टाळ्या आणि बोलणं सुरू होण्याआधी. कॅमेरा लवकर सुरू केला असेल तर नशीब. छताच्या पंख्याचा आवाज पात्यांबरोबर वरखाली होतो, म्हणून तुकडा किमान ३ ते ५ सेकंदांचा घ्या. अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यात एकच झोत पकडला जातो.

अशी जागा मिळालीच नाही तर या पद्धतीचा नाद सोडा. तानपुऱ्यासकट प्रोफाइल घेण्यापेक्षा पंखा राहिलेला परवडला.

आकडे: संगीतासाठी रिडक्शन ६ डेसिबल, फार तर ८. सेन्सिटिव्हिटी ४ ते ५. फ्रीक्वेन्सी स्मूदिंग ३ ते ६. बोलण्यासाठी १० ते १२ डेसिबलपर्यंत चालतं. लावण्याआधी 'रेसिड्यू' निवडून प्रिव्ह्यू ऐका. काढून टाकलं जाणार आहे तेवढंच त्यात वाजतं. तिथे फक्त पंख्याची सळसळ ऐकू आली पाहिजे. गायकाचा सूर किंवा डग्ग्याची घुमक ऐकू आली तर आकडे कमी करा. या एका बटणाने जेवढी ध्वनिमुद्रणं वाचतील तेवढी दुसऱ्या कशानेच वाचणार नाहीत.

निखारा

पण ६ डेसिबलने काय होणार? पंखा ऐकू येतोच की. २० लावलं तर पूर्ण जातो.

खर्जपंचम

जातो, आणि त्याच्या जागी चिवचिवणारे तुटक सूर येतात, विशेषतः मींड संपताना आणि तारेचा नाद विरताना. पंखा एकसारखा असतो, त्यामुळे कान त्याला दोन मिनिटांत मागे टाकतो. चिवचिव एकसारखी नसते, म्हणून ती शेवटपर्यंत टोचत राहते. ६ डेसिबल कमी झालेला पंखा मागे सरकतो, तेवढं पुरतं. शिवाय आलापाची शेपटी, तानपुऱ्याची जवारी हे सगळं पंख्याच्या पातळीच्या आसपासच असतं. पंखा मुळापासून उपटला की जवारीही उपटली जाते.

जुनीफीत

गुणगुणीबद्दल. भारतातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून तारांतून शिरलेली गुणगुण ५० आणि तिच्या पटींत: १००, १५०, २५०. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटची स्वतःची गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्झची. आधी ऑडॅसिटीत ॲनालाइज, प्लॉट स्पेक्ट्रम, साइझ ६५५३६ ठेवून गाण्याआधीच्या तुकड्यात नेमक्या कोणत्या सुळक्या आहेत ते बघा. ज्या दिसतील तेवढ्यांनाच नॉच फिल्टर (एका कंप्रतेभोवतीचा अरुंद पट्टा कापणारा) लावा. दहा पटींना डोळे मिटून लावू नका.

जनरेटरवरचा कार्यक्रम असेल तर गुणगुण ५० वर स्थिर नसते, ४९ ते ५१ अशी सरकते. तिथे अरुंद नॉच चुकते. फाइलचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळी कंप्रता द्यावी लागते.

व्हीएचएसवरून उतरवलेल्या किंवा दिवाणखान्यात टीव्ही चालू असताना घेतलेल्या फाइलींत आणखी एक बारीक शिट्टी असते, १५,६२५ हर्ट्झवर. जुन्या पाल टीव्हीची चित्ररेषा सेकंदाला तितक्यांदा फिरते, तिचाच तो आवाज. वयस्कर कानांना ऐकू येत नाही, मुलांना येतो. तिथे नॉच बेलाशक लावा, त्या उंचीवर गाण्याचं हरवण्यासारखं फार काही नसतं.

तानजोडी

नॉच लावताना सूर बघून लावा. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा तिथे, खर्ज ६९.३ वर आणि मंद्र पंचम १०३.९ वर. आता १०० हर्ट्झला नॉच लावली आणि क्यू (हा आकडा जितका मोठा तितका पट्टा अरुंद) ५ ठेवला तर ती ९० ते ११० असा पट्टा खाते. पंचमाची तार गेलीच. क्यू ३० ठेवला तर पट्टा जेमतेम ९८.३ ते १०१.७, पंचम सुरक्षित.

१५० हर्ट्झचं आणखी नाजूक. काळी एकचा कोमल रिषभ १४७.८ च्या आसपास येतो. भैरव किंवा तोडी असेल तर १५० च्या नॉचला क्यू ६० ठेवा, नाहीतर मंद्रातून वर आल्यावर नेमका रिषभ दबलेला ऐकू येतो. काळी चारच्या गायिकेला ही अडचण नाही. तिथे षड्ज २०७.७, पंचमाची तार १५५.७ आणि खर्जाची तार १०३.८. म्हणून तिथेही १०० च्या नॉचला क्यू ३० हवाच.

हे सगळे आकडे वाद्यं ४४० च्या मापाने (पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ) लावली असतील तेव्हाचे. प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे असतं, स्पेक्ट्रममध्ये जोडीच्या तारेचा सुळका पाहून हिशेब करा.

शेवंती

मग हाय-पास (ठरावीक कंप्रतेच्या खालचं कापणारा फिल्टर) कितीवर ठेवायचा? सगळीकडे ८० किंवा १०० हर्ट्झ सांगतात.

तानजोडी

तो आकडा भाषणाचा आहे. प्रवचन, मुलाखत यांना ८० उत्तम, स्त्रीचा आवाज असेल तर १०० देखील. काळी एकच्या गायकाला ८० लावलं तर ६९.३ चा खर्ज थेट दबतो आणि डग्ग्याचा तळ जातो. तिथे ४० ते ४५ हर्ट्झ, उतार सप्तकाला १२ डेसिबल. माइकच्या स्टँडला लागलेले धक्के आणि वाऱ्याचा बराचसा भाग तेवढ्याने निघतो. पखवाज असलेल्या कीर्तनालाही ४० च.

बंदरवाट

कामांचा क्रम ठरवून घ्या: आधी छाटलेली शिखरं, मग कटकट, मग गुणगुण, मग पंखा, मग स्वरछटा (इक्वलायझर), शेवटी पातळी. छाटलेल्या शिखरांची दुरुस्ती सपाट झालेले माथे शोधून होते. आधी दुसरा कुठलाही फिल्टर लावला तर ते माथे तिरके होतात आणि ऑडॅसिटीतल्या 'क्लिप फिक्स'ला काही सापडत नाही. तसंच प्रोफाइल घेतल्यावर आणि नॉइज रिडक्शन लावण्याआधी आवाज वाढवू नका, नाहीतर प्रोफाइलची पातळी आणि फाइलची पातळी जुळत नाही.

फोनच्या ध्वनिमुद्रणात एक दोष असा की तो पूर्ण निघत नाही. फोन आपोआप पातळी खालीवर करतो. टाळ्या पडल्या की आवाज खाली आणतो आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा वर नेतो. त्यामुळे सम झाल्यावर तानपुरा फुगल्यासारखा वर येतो. याला कॉम्प्रेसर लावला तर आणखी बिघडतं. ऑडॅसिटीतल्या एन्व्हलप टूलने हाताने, जिथे जास्त खटकतं तिथेच, २ ते ३ डेसिबल खाली ओढा.

निखारा

आजकाल एआयवाली साधनं आहेत, एका बटणात सगळं साफ करतात. ती का नाही वापरायची?

खर्जपंचम

बोलण्यासाठी वापरा. आरएनएननॉइज आणि त्या जातीची साधनं मानवी बोलणं वाचवायला शिकवलेली आहेत, मुलाखतींना खरंच उपयोगी पडतात. संगीतावर लावलं की अखंड सूर त्यांना गोंगाट वाटतो. तानपुरा जातो, पेटीचे लांब सूर कुरतडले जातात, उरतो तो फक्त गायकाचा शब्द.

डेमक्स हे वेगळं काम करतं. ते गाण्याचे चार भाग पाडतं: गायन, ड्रम, बेस आणि इतर. पण ही विभागणी पाश्चात्त्य बँडच्या मांडणीची. डग्गा बेसमध्ये आणि ड्रममध्ये वाटला जातो, चाट ड्रममध्ये जाते, पेटी कधी 'इतर'मध्ये तर कधी गायनात. रियाजासाठी गायन थोडं दबवायचं असेल तर ठीक. जपून ठेवायच्या प्रतीवर हे चालवू नका, कारण भाग पुन्हा जोडले तरी कडांवरचे दोष राहतात.

ओसरीवाला

एका फाइलमध्ये गाणं वर चढलेलं आणि थोडं जलद वाटतंय. काळी एकचे गायक आहेत, पेटी लावून बघितलं तर काळी दोनच्याही थोडं पलीकडे जातंय का पट्टी?

तानजोडी

नाही, काळी दोनच्या किंचित अलीकडे असणार. हे ४४,१०० चं ध्वनिमुद्रण ४८,००० समजून वाजवल्याचं लक्षण आहे. वेग आणि पट्टी दोन्ही ८.८ टक्के वर जातात, म्हणजे जवळपास दीड अर्धस्वर. काळी एकपासून काळी दोन हे दोन अर्धस्वर. कुणीतरी मध्ये डबा बदलताना सॅम्पलिंग रेटची खूण चुकीची लावली आहे.

'चेंज पिच' किंवा 'चेंज टेम्पो' लावून दुरुस्त करू नका. ती दोन्ही आवाज ताणून पुन्हा बांधतात, तबल्याचे बोल फाटतात. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूत 'रेट' आहे, तिथे ४४,१०० निवडा. पट्टी आणि लय एकदमच जागेवर येतात.

जुनीफीत

उलट तक्रारही असते: आवाज सुरुवातीला ठीक पण तासाभराने व्हिडिओच्या पुढे पळालेला. ऑनलाइन सभांच्या आणि स्क्रीन रेकॉर्डरच्या फाइलींत नेट अडखळलं तिथे आवाज नोंदलेलाच नसतो, फक्त वेळेची खूण पुढे जाते. आवाज वेगळा काढला की ती मोकळी जागा गळून जाऊ शकते आणि पुढचं सगळं अलीकडे सरकतं. काढलेला आवाज पुन्हा व्हिडिओला जोडायचा असेल तर वेव्ह करताना '-एएफ एरिसॅम्पल=असिंक=१' घाला, म्हणजे रिकाम्या जागी शांतता भरली जाते. नुसतं ऐकायचं असेल तर गरज नाही.

शेवंती

शेवटची प्रत कशात ठेवायची? नातेवाइकांना पाठवायची आणि गाडीतही वाजवायची आहे.

बंदरवाट

जपायची प्रत फ्लॅकमध्ये, २४ बिट. फ्लॅक फ्लोट घेत नाही, म्हणून त्याआधी शिखर शून्याच्या खाली आणलेलं असलं पाहिजे. पाठवायची प्रत एएसी, १६० ते १९२ केबीपीएस, स्टिरिओ. गाडीतला जुना प्लेअर फक्त एमपी३ वाचत असेल तर साफ केलेल्या फ्लॅकपासून एकदाच एमपी३ करा, 'व्ही२' दर्जावर. एएसीपासून नको. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, तसा पाठवला की फाइल आहे तशीच पोचते.

पातळीसाठी: भाषण आणि मुलाखतींना लाउडनॉर्म (एफएफएमपेगचा पातळी सारखी करणारा फिल्टर), लक्ष्य उणे १६ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप). त्यात '-एआर ४८०००' स्वतः लिहा, नाहीतर ते आतून १,९२,००० ला चढवून तशीच फाइल देतं. मैफलीला लाउडनॉर्म एका फेरीत अजिबात नको, आलाप आणि द्रुत एकाच पातळीवर आणून ठेवतं. तिथे फक्त सगळ्यात उंच शिखर उणे १ डेसिबलवर आणा. एखादी टाळी किंवा माइकचा धक्का सगळ्यात उंच असेल तर आधी तेवढीच जागा हाताने खाली आणा, म्हणजे गाण्याला वाव मिळतो.

आणि पाठवण्याआधी कलाकाराला विचारा. घरातली मैफल असली तरी सादरकर्त्याचा हक्क त्यांच्याकडे असतो. भारतीय कॉपीराइट कायद्यात तो ५० वर्षांचा आहे.

ओसरीवाला

फोल्डरमध्ये फाइली खूप आहेत आणि नावं देवनागरीत. बॅच फाइल (अनेक आज्ञा ओळीने चालवणारी फाइल) केली तर नावांच्या जागी कचरा दिसतो आणि 'फाइल सापडत नाही' येतं.

बंदरवाट

बॅच फाइल नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' निवडा, 'विथ बीओएम' नको. पहिली ओळ:

सीएचसीपी ६५००१

ही ओळ नसेल तर विंडोज बॅच फाइल जुन्या कोडपेजने वाचतं, म्हणून तिच्यात लिहिलेल्या देवनागरी नावांचा कचरा होतो. दुसरी ओळ:

फॉर %%एफ इन (*.एमपी४) डू एफएफएमपेग -एन -आय "%%एफ" -मॅप ०:ए:० -सी:ए कॉपी "%%~एनएफ.एम४ए"

बॅच फाइलमध्ये टक्केचिन्ह दोनदा, थेट काळ्या खिडकीत टाइप करताना एकदाच. दुहेरी अवतरणचिन्हं सोडू नका, नावात मोकळी जागा असली की त्यांच्याशिवाय अर्धंच नाव वाचलं जातं. '-एन' मुळे आधी काढलेली फाइल पुन्हा लिहिली जात नाही, म्हणून मध्येच वीज गेली तर तीच बॅच परत चालवता येते. मात्र वीज गेली तेव्हा अर्धवट राहिलेली एक फाइल आधी हाताने पुसा, नाहीतर '-एन' तिलाही पूर्ण समजून सोडून देईल. एम४ए अर्धवट राहिली तर तिची अनुक्रमणिका शेवटी लिहायची राहून जाते आणि ती कशातच उघडत नाही, त्यावरून ती सापडेल.